मोजले आणि न मोजलेले

हल्लीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ असा पाठ आहे. त्यात हेन्री मोजले हे नाव आलं की वर्गात हमखास हशा पिकतो. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, ‘‘सर, पण काय मोजले?’’ पूर्वीच्या पुस्तकांतही हे नाव कुठे ना कुठे यायचंच, त्यामुळे हा विनोद मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो. आमची शाळा सातारा जिल्ह्यातली, कनिष्ठ महाविद्यालय जोडलेली. दहावीचं विज्ञान आणि अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र दोन्ही माझ्याकडेच असे.

हशा ओसरला की मी गोष्ट सांगायचो. ‘या माणसाने सव्विसाव्या वर्षी मूलद्रव्यांना त्यांचे खरे क्रमांक दिले. सत्ताविसाव्या वर्षी सरकारने त्याला युद्धावर धाडलं आणि तुर्कांच्या गोळीने तो मेला. जगला असता तर नोबेल ठरलेलं होतं.’ वर्ग गप्प व्हायचा. पोरांच्या चेहऱ्यावरची ती हळहळ पाहून मास्तरला बरं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. निवृत्तीनंतर जुनी टिपणं चाळताना लक्षात आलं की या गोष्टीतलं ‘सरकारने धाडलं’ हे चुकीचं आहे. शेवटचं वाक्य तर मी सांगायलाच नको होतं.

मी एकटाच चुकत होतो असं नाही. जगभर ही गोष्ट अशीच सांगतात आणि सांगणारे लहानसहान नाहीत. पूर्वपक्ष अर्धवट मांडून खोडणं ही वकिली झाली, म्हणून आधी तो पुरता मांडतो.

पूर्वपक्ष असा. मोजलेचा मृत्यू ही पहिल्या महायुद्धातली, मानवजातीच्या दृष्टीने सर्वांत महाग पडलेली एकट्या माणसाची हानी असावी, असं आयझॅक अॅसिमॉव्हने लिहिलं. रॉबर्ट मिलिकनने त्याही आधी असंच म्हटलं होतं: युद्धात दुसरं काहीही झालं नसतं, तरी या एका मरणापायी ते अक्षम्य गुन्हा ठरलं असतं. या सगळ्याचं मूळ आहे मोजलेच्या गुरूंच्या लेखात. मँचेस्टरला ज्यांच्या प्रयोगशाळेत तो घडला त्या अर्नेस्ट रदरफोर्डनी ९ सप्टेंबर १९१५ च्या ‘नेचर’मध्ये आपल्या विद्यार्थ्याचा मृत्युलेख लिहिला. आपली लष्करी यंत्रणा इतकी ताठर होती की शास्त्रज्ञांना बंदूक देऊन खंदकात उभं करण्यापलीकडे त्यांचा उपयोग तिला सुचला नाही, ही राष्ट्रीय शोकांतिका आहे, असं त्यांनी बजावलं. पुढच्या शंभर वर्षांत त्यात भर पडत गेली. या मरणाने ब्रिटनचे डोळे उघडले आणि पुढे शास्त्रज्ञांना आघाडीवर पाठवायचं नाही असं ठरलं, असंही आता सर्रास लिहिलं जातं.

गुरूने लिहिलंय, मिलिकनसारख्या नोबेलविजेत्याने दुजोरा दिलाय. मग साताऱ्याच्या एका मास्तराने त्यात नाक का खुपसावं? कारण विद्यार्थी युद्धात गमावणं म्हणजे काय, हे मला थोडं ठाऊक आहे. त्याबद्दल शेवटी.

‘सरकारने धाडलं’ ही गोष्ट तारखांपुढे टिकत नाही. ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती आली ती जानेवारी १९१६ च्या कायद्याने, म्हणजे मोजले गेल्यावर पाच महिन्यांनी. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तो आईबरोबर ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनासाठी ऑस्ट्रेलियाकडे निघालेला होता. रदरफोर्डही त्याच अधिवेशनाला होते. अधिवेशन आटोपून तो तातडीने इंग्लंडला परतला आणि रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी म्हणून शिरण्यासाठी खटपट केली. घरच्यांनी, मित्रांनी थांबवून पाहिलं, पण तो थांबला नाही. कोणी म्हणेल, आपणहून गेला म्हणजे काय, भोवतालचं वारंच तसं होतं. हे मला मान्य आहे. तो ईटनचा विद्यार्थी. त्या एका शाळेचे ११५७ माजी विद्यार्थी या युद्धात गेले. बरोबरीची सगळी पोरं निघालेली असताना प्रयोगशाळेत बसून राहणं त्या वयात सोपं नसतं. तरीही वाऱ्याबरोबर जाणं वेगळं आणि कोणी बखोट धरून नेणं वेगळं. मेलेल्या माणसाचा निर्णय त्याच्याकडून काढून सरकारच्या नावावर टाकला की आपली हळहळ निर्मळ होते, पण तो माणूस उगाच बाहुला होऊन बसतो.

‘या मरणाने धोरण बदललं’ हे तर आणखी लवकर निकालात निघतं. १९१५ च्या मे महिन्यात तोफगोळ्यांच्या तुटवड्यावरून ब्रिटिश सरकार हादरलं होतं. शोध आणि संशोधनासाठी नौदलाने मंडळ नेमलं ते जुलै १९१५ मध्ये. शास्त्रीय व औद्योगिक संशोधनाला सरकारी पैसा देण्याची योजना संसदेपुढे आली तीही जुलैमध्येच. मोजले गेला १० ऑगस्टला, गॅलिपोलीच्या लढाईत. लेकाच्या बारशाच्या पुढच्या महिन्यात बापाचं लग्न लावण्यासारखा हा प्रकार आहे. शास्त्रज्ञांची गरज सरकारला कळली ती दारूगोळा संपल्यामुळे. एका तरुणाच्या मरणाने सरकारं शहाणी होतात, ही समजूत आपल्याला गोड वाटते एवढंच.

आता ‘जगला असता तर’ याकडे येतो. त्याआधी तो जिवंतपणी काय करत होता ते जवळून पाहू, कारण हळहळीच्या भरात नेमकं हेच राहून जातं.

१९१३ सालचं मँचेस्टर. काचेची एक लांब निर्वात नळी, आत रुळावर धावणारी चिमुकली गाडी. गाडीवर ओळीने बसवलेले धातूंचे तुकडे: टायटॅनियम, क्रोमियम, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं. गाडी मागेपुढे ओढायला मासेमारीची रेशमी दोरी, पितळी रिळांवर गुंडाळलेली. निर्वात मोडू न देता एकामागून एक धातू इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली आणायचा, त्यातून निघणारे क्ष-किरण पोटॅशियम फेरोसायनाइडच्या स्फटिकावर पाडायचे आणि फोटोच्या काचेवर उमटणाऱ्या दोन रेषांची जागा मोजायची. म्हणजे मागच्या बाकावरच्या पोराचं उत्तर हेच: रेषा मोजले! कॅल्शियमपासून जस्तापर्यंत त्याने त्या एकाखाली एक लावल्या, तर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसल्या. जस्ताच्या जागी त्याने चक्क पितळ वापरलं होतं, त्यामुळे त्या पट्टीवर तांब्याच्याही रेषा आल्या. कोबाल्टच्या पट्टीत निकेलची अस्पष्ट रेघ दिसते, कारण तुकडा शुद्ध नव्हता. लपवाछपवी काही नाही. उलट, अशा भेसळीवरूनच ही पद्धत किती तिखट आहे ते कळलं.

त्या पायऱ्यांवरून दिसलं की मूलद्रव्यांची रांग लावायची ती वजनावरून लावायची नाही, अणुकेंद्रावरच्या धनप्रभारावरून लावायची. निकेल कोबाल्टपेक्षा हलकं असूनही कोबाल्ट २७ आणि निकेल २८ का, याचं उत्तर मिळालं. अशी कल्पना डच वकील व्हॅन डेन ब्रूक याने आधी मांडली होती, पण कल्पना असणं आणि काचेवर रेषा असणं यात जो फरक आहे त्यालाच आम्ही प्रात्यक्षिक म्हणतो. १९१४ च्या दुसऱ्या लेखात त्याने अॅल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत मजल मारली आणि ४३, ६१, ७५ या जागा रिकाम्या आहेत हे दाखवून दिलं. तेव्हा तो ऑक्सफर्डला होता, पगाराशिवाय, उसन्या जागेत. पॅरिसहून झ्हॉर्झ उर्बें नावाचे रसायनशास्त्रज्ञ आपले दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे नमुने घेऊन आले. वीस वर्षं ज्यांच्यावर त्यांनी खपून काम केलं होतं, त्यांचा निकाल या पोराने काही दिवसांत लावला.

सोबत काम केलेल्या चार्ल्स गॅल्टन डार्विनने त्याची एक आठवण नोंदवली आहे. मँचेस्टरमध्ये पहाटे तीनला जेवण कुठे मिळतं, या विषयात मोजले तज्ज्ञ होता. मला त्याच्या सगळ्या चरित्रातली ही ओळ सर्वांत जवळची वाटते.

आता बघा, आपल्याकडे म्हण आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. जरा रांगडी आहे, मृत तरुणाच्या संदर्भात वापरताना जीभ अडखळते, पण इतकी नेमकी दुसरी सापडत नाही. १९१६ चं भौतिकीचं नोबेल कोणालाच दिलं गेलं नाही. तो रिकामा पाट दिसला आणि लोकांनी त्यावर मोजलेचं पान वाढलं. नोबेल समितीच्या मनात काय होतं हे मेलेल्याच्या खाती जमा करायला कसला आधार? ऑक्सफर्डला त्याला पदवी परीक्षेत पहिला वर्गसुद्धा मिळाला नव्हता, दुसरा मिळाला. परीक्षकांनी चूक केली म्हणा हवं तर. पण ज्याची परीक्षा झाली तिथे आपण चूक काढणार आणि जी झालीच नाही तिथे पैकीच्या पैकी देणार, हे कुठलं मूल्यमापन?

मूलद्रव्यांच्या रांगेतल्या रिकाम्या जागा भरायच्या राहिल्या का? ७२ क्रमांकाचं हाफ्नियम १९२३ मध्ये कोपनहेगनला सापडलं. शोधणाऱ्या दोघांपैकी हेवेशी हा मँचेस्टरला रदरफोर्डकडेच काम केलेला. ७५ व्या जागेचं ऱ्हेनियम १९२५ मध्ये, ४३ व्या जागेचं टेक्नेशियम १९३७ मध्ये, ६१ व्या जागेचं प्रोमेथियम १९४५ मध्ये. क्ष-किरणांच्या वर्णपटाचं काम स्वीडनच्या मान्ने सीगबानने पुढे नेलं आणि १९२४ चं नोबेल घेतलं. विज्ञानाची बैलगाडी एक बैल बसला तरी सावकाश का होईना, पुढे जातेच. यात मोजलेची किंमत कमी होत नाही. पण ‘काय गेलं’ याचं उत्तर न लागलेल्या शोधांच्या यादीत शोधलं तर यादी फार लवकर संपते. त्याची आई, त्याचे सोबती, पहाटे तीनचं जेवण, यांतलं काही त्या यादीत येत नाही.

शिवाय जगलेल्या शास्त्रज्ञांनी त्या युद्धात काय केलं, तेही पाहायला हवं. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन वायू सोडला गेला. देखरेखीला जातीने फ्रिट्झ हाबर हजर होते. त्यांच्या वायुपथकात ओटो हान, जेम्स फ्रांक, गुस्टाव हर्ट्झ यांनी काम केलं. पुढे चौघांनाही नोबेल मिळालं. शास्त्रज्ञाचा ‘योग्य उपयोग’ करण्याचं जर्मनीने घालून दिलेलं उदाहरण हे असं होतं. रदरफोर्ड स्वतः पाणबुडीचा आवाज पाण्याखालून कसा टिपावा या कामाला लागले. लॉरेन्स ब्रॅगला तोफांच्या आवाजावरून तोफांची जागा हुडकायच्या कामाला घेतलं. लष्करी व्यवस्थापनाचा मुद्दा म्हणून रदरफोर्डचं म्हणणं बरोबरच आहे आणि ते मी खोडत नाही. कोणत्याही सेनापतीने ते ऐकायला हवं. माझा आक्षेप वेगळा आहे. ते वाक्य मृत्युलेखात आलं, त्यामुळे व्यवस्थापनाचा मुद्दा शोकाचं माप होऊन बसला. त्याच लेखात गुरूने या पोराला जातिवंत संशोधक म्हटलंय, त्याच्या कामाबद्दल मन लावून लिहिलंय. ते कोणी उचलत नाही. सगळे ताठर यंत्रणेचं वाक्य तेवढं उचलतात.

लॉरेन्स ब्रॅगचा धाकटा भाऊ रॉबर्ट तोफखान्यात होता. तोही गॅलिपोलीलाच गेला, मोजलेनंतर तीन आठवड्यांनी, सप्टेंबर १९१५ च्या सुरुवातीला. त्याच नोव्हेंबरात वडील विल्यम आणि लॉरेन्स या दोघांना मिळून भौतिकीचं नोबेल जाहीर झालं. घरात एकाच हंगामात हे दोन्ही. रॉबर्टच्या मरणाला कोणी मानवजातीची हानी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. त्याच्या नावावर शोध नव्हता ना.

इथे खरा घाव बसतो. ‘मोजलेला धाडायला नको होतं’ या वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य दडलेलं असतं: बाकीच्यांना धाडलं ते ठीक. पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती जे सावकारी पत्र पडलं ते मराठी माणसाला पाठ असतं. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपयांची, खुर्द्याची गणतीच नाही, अशा अर्थाचं. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. त्या पत्राला सांकेतिक असण्याची गरज होती, लिहिणारा घाईत होता, त्याला दोष नाही. पण अडीचशेहून अधिक वर्षं झाली तरी आपण मोत्यांवरच कादंबऱ्या लिहितो आणि खुर्दा हा शब्द घराघरांतल्या पोरांसाठी वापरला गेला होता हे विसरतो. इंग्रजांनी मोजलेच्या बाबतीत हेच केलं.

१० ऑगस्ट १९१५ च्या पहाटे चुनुक बाइरच्या उतारावर, ‘फार्म’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सपाटीवर, मोजले ३८व्या ब्रिगेडचा संदेशवहन अधिकारी म्हणून होता. मुस्तफा केमालच्या हुकमाने तुर्कांच्या लाटा कड्यावरून खाली उतरल्या. मोजले टेलिफोनवरून हुकूम पोचवत होता, तेव्हा डोक्यात गोळी लागून तो पडला, असं सांगतात. त्याचा ब्रिगेडियर बाल्डविनही त्याच सकाळी पडला. ब्रिगेडमधल्या पलटणी लँकेशायरच्या, म्हणजे कापडगिरण्यांच्या मुलखातल्या, आपल्या गिरणगावासारख्या वस्त्यांतून आलेल्या. कड्यावर असलेली सहावी लॉयल नॉर्थ लँकेशायर जवळजवळ पुसली गेली. आज त्या सपाटीवर दफनभूमी आहे. तिथे साडेसहाशेच्या आसपास सैनिक आहेत आणि अगदी थोडे सोडले तर कोणाचीही ओळख पटलेली नाही. मोजलेलाही ओळखलेली कबर नाही.

जवळच्याच कड्यावर आदल्या दिवशी सहाव्या गुरखा रायफल्सची पलटण चढून गेली होती. एकोणतिसाव्या हिंदी ब्रिगेडमध्ये गुरखे होते, शीख होते, आणि खेचरं हाकणारे हिंदी जवान तर किनाऱ्यापासून कड्यापर्यंत पाणी आणि दारूगोळा पोचवत होते. मराठा पलटणी गॅलिपोलीत नव्हत्या, त्या तेव्हा मेसोपोटेमियात होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ११०वी आणि ११७वी मराठा पलटण पुढे कुत अल-अमाराच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला उपाशीपोटी शरण गेली. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. त्या ४६ जणांपैकी पाढे कोणाचे पक्के होते, छडी कोण जास्त खायचा, हे सांगणारा एकही मृत्युलेख कुठल्या ‘नेचर’मध्ये आला नाही.

मोजलेची बाजू घेणाऱ्यांना एक गोष्ट अडचणीची वाटते, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. मँचेस्टरला त्याला पहिल्या वर्षी शिकवावं लागे आणि ते त्याला मुळीच आवडत नसे. हिंदी, ब्रह्मी, जपानी, इजिप्शियन विद्यार्थ्यांबद्दल त्याने घरच्या पत्रांत जे लिहिलंय ते तुच्छतेचं आहे, त्यांच्या अंगाच्या वासापर्यंत गेलेलं. वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तीस-बत्तीस वर्षं ज्याच्या नावाने पोरांना गहिवर आणवला, त्याच्यासमोर हीच पोरं बसली असती तर त्याने नाक मुरडलं असतं. मग आठवलं, तेविसाव्या वर्षी मीही एका वस्तीतल्या मुलांबद्दल स्टाफरूममध्ये काय बोललो होतो. तो सत्ताविसाव्या वर्षी गेला. मला साठीपर्यंत मुदत मिळाली. त्याला मिळाली असती तर तो सुधारला असता की नाही, हे मला माहीत नाही आणि ‘जगला असता तर’ हा हिशेब मी इथेही करणार नाही. त्याच्या तेजस्वी भविष्याची यादी जशी खोटी, तशी सुधारलेल्या मोजलेची मूर्तीही खोटीच ठरेल.

जे त्याने भविष्यासाठी खरोखर केलं ते कागदावर आहे. जून १९१५ मध्ये, आघाडीच्या वाटेवर, त्याने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं आणि आपली मालमत्ता रॉयल सोसायटीला प्रायोगिक संशोधनासाठी दिली. अट घातली की हा पैसा शुद्ध गणिताला नको, खगोलशास्त्राला नको आणि नुसतं वर्णन, यादी, वर्गवारी करणाऱ्या कुठल्याही शास्त्राला नको. वडील ‘चॅलेंजर’ जहाजावरून जगभर फिरलेले निसर्गशास्त्रज्ञ, तो चार वर्षांचा असण्याच्या सुमारास वारलेले. त्यांचा अर्धा जन्म वर्णन आणि वर्गवारीतच गेलेला. मरणाच्या वाटेवर असताना हा असा हेकटपणा! मूलद्रव्यांची यादी ज्याने पक्की केली त्याला याद्या करणाऱ्यांचा तिटकारा होता. या माणसाशी मला भांडावंसं वाटतं. हळहळीच्या गोष्टीतल्या मोजलेशी भांडता येत नाही, तो फक्त मेलेला असतो.

‘जगला असता तर’ म्हणू नये, या म्हणण्याला एक चांगला प्रतिवाद आहे. एर्विन श्रोडिंगरचे गुरू हासेनोर्ल १९१५ मध्येच इटलीच्या आघाडीवर पडले. पुढे नोबेल मिळाल्यावर श्रोडिंगरने लिहिलं की ते जगले असते तर आज माझ्या जागी त्यांचं नाव असतं. हाही ‘जगला असता तर’चाच सूर आहे, मग तो का चालतो? कारण तो हिशेब बोलणाऱ्याच्या स्वतःच्या खर्चाने केलेला आहे. शिष्य आपल्या ताटातलं काढून गुरूच्या ताटात वाढतोय. आपण मोजलेच्या नावाने हळहळतो तेव्हा आपल्या ताटातलं काही जात नाही. जातं ते शेजारच्या खड्ड्यातल्या लँकेशायरच्या पोराचं.

आता शेवटी सांगेन म्हटलं होतं ते. १९९९ च्या उन्हाळ्यात माझा एक माजी विद्यार्थी कारगिलच्या डोंगरात गेला. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. एका शाळेत दर २६ जुलैला त्याच्या फोटोला हार घालतात आणि भाषणात तो ‘लहानपणापासून अत्यंत हुशार, शिस्तप्रिय, वर्गात सदैव अग्रेसर’ असतो. मी तीन-चार वेळा ते भाषण ऐकलं, एकदा मीच केलं. तो हुशार नव्हता. बारावीला भौतिकशास्त्रात त्याला दुसऱ्या फेरीत कसेबसे पासापुरते गुण पडले. शिस्तीचं तर विचारूच नका. पण प्रयोगशाळेतली घंटा, सोल्डरिंग आयर्न, पाण्याच्या लाटांचं टाकं, काहीही बिघडलं की मी शिपायाला त्याच्या वर्गावर पाठवायचो. जीव देऊनसुद्धा वर्गात पहिलं आल्याशिवाय आमच्या फोटोत जागा नाही, असं त्या भाषणाचं म्हणणं असतं. रदरफोर्डच्या त्या एका वाक्याचीच ही मराठी आवृत्ती. शाळांनी ही भाषणं बंद करावीत. त्याऐवजी शिकवलेल्या मास्तरांनी, बाईंनी, जे खरं आठवतं तेवढं एका पानावर लिहून द्यावं आणि ते वाचून दाखवावं. मार्क कमी असतील तर कमी सांगावेत.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी त्याचे वडील शाळेत आले होते. मी नेहमीचं सुरू केलं, ‘‘मुलगा फार हुशार होता तुमचा...’’ त्यांनी हात वर करून थांबवलं. ‘‘सर, मार्कलिस्ट घरी हाय माझ्याकडं. खरं सांगा, कसं हुतं आमचं पोरगं तुमच्याकडं?’’

मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. बारावीनंतर पोरं प्रॅक्टिकलच्या वह्या नेत नाहीत, दर दोन-तीन वर्षांनी आम्ही त्या रद्दीत घालतो. त्या वर्षी घालायच्या राहिल्या होत्या. त्याची अकरावीची वही सापडली. पहिलाच प्रयोग व्हर्नियर कॅलिपरचा, शेजारी माझा लाल शाईतला शेरा: ‘शून्य त्रुटीचं चिन्ह?’ धन त्रुटी वजा करायची असते, त्याने मिळवली होती, त्यामुळे गोळीचा व्यास दरवेळी जास्त आला होता. वडिलांनी शेऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘ह्ये काय चुकलंया?’’

मी खणातून कॅलिपर काढलं, जबडा मिटवून त्यांच्या हातात दिलं आणि शून्य कुठे येतं ते दाखवलं. त्यांना ते नीट कळेपर्यंत अर्धा तास लागला. मग ते वही घेऊन गेले.